गिअरच्या वायरी घरी बदलल्या : माझा अनुभव

पावसाळा संपता संपता माझ्या सायकलचा मागचा गिअर अडायला लागला. मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चक्रीवर चढायचा व्यवस्थित, पण छोट्या चक्रीवर उतरताना रेंगाळायचा. चढताना वायर आपण अंगठ्याने ओढतो. उतरताना मात्र सगळी भिस्त डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगवर असते. आउटरमध्ये, म्हणजे वायर ज्यातून जाते त्या नळीत, गंज आणि चिखल साचला की स्प्रिंगचा जोर तिथेच संपतो. खडकवासल्याच्या रस्त्याला भर पावसात चालवलेली सायकल, हे होणारच होतं. वायरी घरीच बदलायच्या ठरवल्या.

दुकानात काका म्हणाले, "गिअरला ब्रेकचंच आउटर घाला, चालतंय." मी म्हटलं, "काका, इंडेक्सचे, एका क्लिकला एक चक्री बदलणारे गिअर आहेत, गिअरचंच द्या." ब्रेकच्या ५ मिमी आउटरमध्ये पोलादी पट्टी गोल गुंडाळलेली असते, ते वाकलं, दाबलं गेलं की लांबी किंचित बदलते. गिअरच्या ४ मिमी आउटरमध्ये तारा सरळ लांबीला धावतात, म्हणून प्रत्येक क्लिकला वायर नेमकी तेवढीच सरकते. उलटं, म्हणजे ब्रेकला गिअरचं आउटर, तर कधीच करू नका. ब्रेकच्या जोराने या सरळ तारा प्लास्टिक फाडून बाहेर येऊ शकतात.

५ ची ॲलन की, बारीक कानस आणि पक्कड घरात होतीच. दाभण आईकडून घेतलं. पैसे घातले ते फक्त केबल कटरवर, पार्क टूल कंपनीचा सीएन-१०. तो का लागतो हे काढलेल्या जुन्या वायरवरच पाहिलं. साध्या कटिंग प्लायरची पाती समोरासमोर भिडतात. वायर आधी चपटी होते, मग तुटते आणि टोकाला तारा फुलतात. केबल कटरची पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात. टोक गोल आणि घट्ट राहतं. फुललेलं टोक नव्या आउटरमध्ये शिरतच नाही, जबरदस्ती केली तर आतलं अस्तर खरवडतं.

काम सुरू करण्याआधी गिअर सर्वांत छोट्या चक्रीवर आणला, म्हणजे वायर सैल पडते. जुन्या आउटरच्या मापाने नवं कापलं. खरी मेहनत इथे आहे, घाई अजिबात नको. कापल्यावर आतलं पांढरं अस्तर दबून बंद होतं, ते दाभणाने हळूच गोल उघडलं. मग टोक कानशीने सपाट केलं, कारण तिरकं टोक आउटरच्या शेवटी बसणाऱ्या टोपीत नीट बसत नाही आणि ताण आला की सरकतं. आतला कीस झटकून टाकला आणि टोप्या चढवल्या.

वायर ओवली, ॲडजस्टर (वायरचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) पूर्ण आत फिरवून दोन आटे बाहेर काढला, एका हाताने पकडीने वायर ताणून धरली आणि दुसऱ्याने डिरेलरवरचा वायर धरणारा बोल्ट आवळला. सगळे गिअर खालीवर करून पाहिले. ते बसल्यावरच जादा वायर कापली, बोल्टपुढे चार-पाच सेंटिमीटर ठेवून, आणि शेंड्याला ॲल्युमिनियमची टोपी चेपली. कटरच्या मुठीतच त्यासाठी खाच आहे.

सुरुवातीच्या काही फेऱ्यांत आउटर आणि टोप्या आपापल्या जागी दबून बसतात, वायर जराशी सैल होते आणि मोठ्या चक्रीवर जाताना गिअर पुन्हा कुरकुरतो. अशा वेळी बोल्टला हात लावायची गरज नाही. ॲडजस्टर अर्धा आटा बाहेर फिरवला की काम होतं.