कानांच्या चाचणीत अडकलेले पाच महिने

मुंबई विमानतळावर नऊ वर्षे विमानांची देखभाल केल्यानंतर मी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायचे ठरवले, तेव्हा धास्ती होती ती खर्चाची आणि वयाची. कानांचा विचार मनाला शिवलाही नव्हता. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि टेक्निकल हे पेपर नोकरी सांभाळून दिले, प्रत्येकी 70 टक्के गुणांची अट पार पडली आणि क्लास टू ही प्राथमिक वैद्यकीय तपासणीही विनासायास झाली. घोडे अडले ते क्लास वनच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणाऱ्या अधिक कडक तपासणीच्या, श्रवणचाचणीत.

त्या दिवशी मी नाइट शिफ्ट संपवून थेट तपासणी केंद्रावर गेलो. रात्रभर एपीयू (विमानाच्या शेपटीतले वीज पुरवणारे छोटे इंजिन) चालू असलेल्या विमानांपाशी काम केले होते आणि निरोप नीट ऐकू यावेत म्हणून कानांवरचे आवाजरोधक इअर मफ वारंवार काढले होते. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि सूर ऐकू येताच बटण दाबायचे, एवढीच ती चाचणी. उजव्या कानाची पाळी आली तेव्हा अंगठा बटणावर टेकलेलाच राहिला. मला ऐकू येत होती ती फक्त छातीतली धडधड. सूर ऐकू येण्यासाठी तो किती मोठा करावा लागला, हा त्यातला आकडा; 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबल आणि 3000 हर्ट्झला 50 डेसिबल ही त्याची कमाल मर्यादा असते. माझा आकडा 3000 हर्ट्झला 55 आला आणि कागदावर ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा पडला.

अर्जात माझा व्यवसाय स्पष्ट लिहिलेला असताना आदल्या रात्री मी कुठे होतो, हे त्या केंद्रात एकानेही विचारले नाही, याचा राग आजही जात नाही. फेरतपासणीची तारीख विचारली की ‘कळवू’ एवढेच उत्तर मिळे. दर सोमवारी फोन करत पाच महिने काढले, आणि तेवढ्यात उड्डाण प्रशिक्षणाच्या तुकडीतली माझी जागाही गेली.

पुण्यातल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दहा मिनिटांत उलगडा केला. मोठ्या आवाजात काम केल्यावर कान काही काळ मंदावतो, म्हणून अशा चाचणीआधी किमान 14 ते 16 तास शांततेत काढावे लागतात. यंत्रांपाशी वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे ऐकणे प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास घटते, आणि तिथे झालेले कायमचे नुकसान मात्र भरून येत नाही. फेरतपासणीआधी मी चार दिवस रजा घेऊन गावी राहिलो. आकडा 40 आला. बाहेर येऊन आईला फोन लावला, तो उजव्याच कानाला.

पुढचे 200 तासांचे उड्डाण, त्यातले 100 तास स्वतः वैमानिक म्हणून, हे सारे कष्टाचे असले तरी सरळ मार्गाचे होते. उड्डाणापूर्वी इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी आहे का ते पाहताना माझा हात कधी अडखळला नाही, याचा मला अभिमान आहे.

या वाटेने येणाऱ्यांनी प्रशिक्षणाचा पहिला हप्ता भरण्याआधी क्लास वन करून घ्यावे, आणि त्याहीआधी खाजगीरीत्या ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढून तो जपून ठेवावा. विमान देखभालीचा परवानाही सोडू नये. तो चालू ठेवण्यासाठी दोन वर्षांत सहा महिन्यांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा राजीनाम्याची तारीख हा हिशेब करूनच ठरवावी. आणि जे अजून ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी असतात त्या जागेवर, काम करत आहेत, त्यांनी आज रात्रीपासूनच इअर मफ कानांवरून काढू नयेत.