नाकाच्या गावातला उन्हाळा

होळीची राख गार व्हायच्या आत माझ्याकडे पार्सलं यायला लागतात. कुरियरवाला मुलगा आता पत्ता विचारत नाही, खालूनच हाक मारतो, "ताई, काचेचं आहे!" आई गच्चीवरून विचारते, "आता काय नवीन?" मी दरवर्षी तेच उत्तर देते, "समर कलेक्शन." आईच्या लेखी उन्हाळ्याचं कलेक्शन म्हणजे कुरडया, पापड आणि सांडगे. तिचं कलेक्शन गच्चीवर जुन्या साडीवर वाळत असतं, माझं खाली ड्रेसिंग टेबलवर मांडलेलं असतं, आणि दोघींचंही गरजेपेक्षा दुप्पट असतं. त्यामुळे कोणी कोणाला बोलत नाही.

आता खरं सांगायचं तर समर कलेक्शन, म्हणजे मेकअप आणि परफ्यूमच्या कंपन्या फक्त उन्हाळ्यापुरता काढतात तो नवा माल, हा प्रकार ज्यांनी काढला त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा सख्खे सोडाच, चुलतही नाहीत. त्यांच्याकडे लोक वर्षभर उन्हाची वाट बघतात आणि ते आलं की समुद्रावर जाऊन त्यात पापडासारखे पडून राहतात. म्हणून त्यांच्या उन्हाळी डबीत हमखास सापडतं ते ब्रॉन्झर: चेहरा छान उन्हात भाजून आलाय असं दाखवणारी पावडर. गेर्लां या फ्रेंच कंपनीची अशी पावडर १९८४ पासून चालू आहे आणि तिचं नावच 'टेराकोटा', म्हणजे भाजलेली माती. नाशकात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता द्वारकेच्या सिग्नलला नव्वद सेकंद उभं राहिलं की हाच परिणाम फुकट मिळतो. तरी मी ती घेतली. डबी फार सुंदर आहे हो. आईने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "गेरू आहे का गं हा?"

गंमत म्हणजे तो गेरू लावून मी बाहेर पडते कशी, तर अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर गॉगल आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फ. नाशकातल्या स्कूटरवरच्या बायका उन्हाळ्यात एकमेकींना फक्त गाडीच्या नंबरावरून ओळखतात. या बंदोबस्ताच्या आत काय काय चाललेलं असतं ते आतलीलाच माहीत: पीच रंगाची लाली, पाण्याने न उतरणारं काजळ, आणि 'सूर्यास्त' का असल्याच कुठल्या नावाची लिपस्टिक, जी ऑफिसात पोचेपर्यंत निम्मी स्कार्फच्या आतल्या बाजूला छापली जाते. एखाद्या कंपनीने स्कार्फखाली टिकणारी लिपस्टिक काढली तर कॉलेज रोडवर रांग लागेल. पण कलेक्शनं आखणाऱ्यांनी स्कार्फ कुठे बांधलेला असतो?

रंगांचंही तसंच. त्यांच्या उन्हाळ्यात फिकट कोरल आणि दुधाळ गुलाबी यांची चलती असते. ते रंग आपल्या गव्हाळ चेहऱ्यावर आले की खडू पुसल्यासारखे दिसतात, कारण त्यात पांढरा घातलेला असतो. कोरल म्हणजे शेवटी पोवळंच ना? मग ते आजीच्या अंगठीतल्या पोवळ्यासारखं हवं, लालकडे झुकलेलं, ठसठशीत. माझ्या मते आपला उन्हाळी रंग विटेचा आणि पळसाचा. नाशिकचं असलं कलेक्शन दरवर्षी रंगपंचमीला उघडतंच. जुन्या गावात पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले मोठाले हौद. वर्षभर त्या लाकडं आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून लोक चालतात, गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी उकरायच्या, पूजा करायची, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरायच्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, कुठे केशरी, कुठे पिवळा, कुठे गुलाबी, आणि ठरलेलं शेड कोणी बदलत नाही. त्यात उडी मारण्याला 'धप्पा' म्हणतात. माझा मामेभाऊ दरवर्षी धप्पा मारून येतो आणि पुढचा आठवडाभर बँकेच्या काउंटरवर केशरी कानांनी बसतो. लाँगवेअर म्हणतात ते याला.

लिपस्टिकवरून आठवलं. गेल्या वर्षी एक नवीकोरी लिपस्टिक स्कूटरच्या डिक्कीत राहिली. लिपस्टिक म्हणजे मेण आणि एरंडेल, त्यात रंग. डिक्कीखाली इंजिन, वर वैशाखाचं ऊन. संध्याकाळी झाकण उघडलं तर आत रसना. तेव्हापासून माझ्या लिपस्टिका फ्रिजच्या दारात, पन्ह्याच्या बाटलीशेजारी असतात आणि त्यांना वेलदोड्याचा हलका वास येतो. तक्रार नाही.

पण माझा खरा जीव वासांवर. त्यात मी जन्मले नाशकात, म्हणजे सरळसरळ नाकाच्या गावात. शूर्पणखेचं नाक, म्हणजे नासिका, इथे कापलं म्हणून गावाचं नाव नासिक, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला चड्डी सावरता यायच्या आधी माहीत असते. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापारात जनस्थान आणि कलियुगात नासिक, असा श्लोकही आहे. यादीतलं पहिलं नाव कमळाचं आणि शेवटचं नाकाचं, हे मला फार आवडतं. मधे मोगलाईत गावाला गुलशनाबाद म्हणायचे. आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो, लांब दांड्याचा, मखमली, फ्लॉवरपॉटमध्ये आठवडाभर टिकणारा. त्याला नाक लावून बघा. काही नाही. टिकाऊपणासाठी वाढवलेल्या गुलाबांचा वास बहुतेक वाटेतच हरवला आहे. नाकाच्या गावात बिनवासाचा गुलाब, हे शूर्पणखेला कळलं तर ती म्हणेल बरं झालं.

माझं घर इंदिरानगरला, ऑफिस गंगापूर रोडला. परफ्यूमवाले सांगतात की प्रत्येक सुगंधाचे तीन मजले असतात. वरच्या मजल्यावर लिंबू, संत्रं, बर्गमॉट अशी हलकी मंडळी राहतात, मधे फुलं, तळमजल्यावर लाकडं, राळ आणि कस्तुरीसारखे जड वास. हलके रेणू आधी उडतात, आणि हवा जितकी तापलेली तितके लवकर. पुस्तकात हे वाचून पटत नाही. नाशकात स्कूटरवर पटतं. सकाळी साडेनऊला समर परफ्यूम मारून निघाले की मुंबई नाक्यापर्यंत लिंबू सोबत असतं. त्र्यंबक नाक्यापाशी ते गेलेलं असतं. सीबीएसला एसटीच्या धुरात फुलं दम टाकतात, आणि अशोक स्तंभाला वळते तेव्हा उरलेला असतो नुसता तळमजला. म्हणजे तीन हजारांच्या बाटलीचा सगळ्यात सुंदर भाग आजवर माझ्या ऑफिसातल्या एकानेही घेतलेला नाही, तो रोज मुंबई नाक्यावरच्या ट्रॅफिक हवालदाराला मिळतो. ते परवा माझ्याकडे बघून हसल्यासारखे वाटले, पण स्कार्फमधून नीट दिसलं नाही.

उन्हाळी म्हणून विकले जाणारे हे लिंबाळ वास तसे नवे नाहीत. जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना नावाच्या इटालियन माणसाचं दुकान १७०९ पासूनचं. त्याने आपल्या सुगंधाची तुलना इटलीतल्या वसंतातल्या, पाऊस पडून गेल्यानंतरच्या सकाळीशी केली होती. त्याच्या त्या पाण्याचं नाव पुढे सगळ्या जातीलाच पडलं आणि फिरत फिरत ते 'कोलन वॉटर' होऊन आपल्या घरात आलं. कुठे ठेवलं आपण? औषधाच्या कपाटात. ताप चढला की कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या. त्यामुळे मला अजूनही कुठलंही महागडं सिट्रस परफ्यूम हुंगलं की आधी इटली आठवत नाही, शाळा बुडाल्याचा आनंद होतो आणि मऊ भात खावासा वाटतो.

दर उन्हाळ्याला नवा मर्यादित सुगंध काढायची रीत एस्काडा या जर्मन कंपनीने १९९३ मध्ये 'शिफॉन सॉर्बे' काढून पाडली. पुढची कितीतरी वर्षं ते दर उन्हाळ्यात फळांचा एक नवा वास काढत राहिले. सॉर्बे हा शब्द आपल्या सरबताचाच युरोपात गेलेला भाऊ. मी असल्या फळकट बाटल्यांवर चार वर्षं पैसे उडवले आहेत, म्हणून अधिकाराने सांगते: कैरी, कलिंगड, पीच ठीक. पण नारळ-व्हॅनिला आपल्याकडे एप्रिलमध्ये लावू नये. त्यांना त्यातून समुद्रकिनारा आठवतो. आपल्याकडे भरलेल्या सिटीबसमध्ये शेजारच्या बाईला करंजीचं सारण करपल्याचा भास होतो.

अत्तरवाल्यांनी ही भानगड फार पूर्वी मिटवून टाकली होती. जुन्या नाशकातल्या एका अत्तराच्या दुकानात मी अधूनमधून जाते. तिथले चाचा थंडीत गेलं की हिना, शमामा, केशर, ऊद पुढे करतात. ही गरम अत्तरं. उन्हाळ्यात गेलं आणि हिना मागितला तर बाटली काढतच नाहीत. "बेटी, आत्ता नाही, डोकं चढेल," म्हणतात आणि वाळा, मोगरा, गुलाब, केवडा काढतात. फाया करून देतात, तो कानाच्या पाळीत खोचायचा. वर एक सल्ला: कातडीला नको, ओढणीच्या काठाला लाव. चाचांना रसायनशास्त्र विचारलेलं नाही, पण परफ्यूममधल्या बर्गमॉट या लिंबाच्या भाऊबंदाच्या तेलातलं बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य कातडीवर असताना ऊन लागलं की काळपट डाग पडतात, हे मी नंतर वाचलं. हल्ली ते काढून टाकलेलं तेल वापरतात. तरी मी काठालाच लावते. काठ धुवेपर्यंत वास राहतो हा त्यातला फायदा.

तिथेच मातीचं अत्तर पहिल्यांदा हुंगलं. कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर चढवतात, वाफ नळीतून भपक्यात, म्हणजे खालच्या भांड्यात, उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९६४ मध्ये पहिल्या पावसाच्या या वासाला 'पेट्रीकोर' हे नाव दिलं, तोवर कनौजवाले तो बाटलीत भरून विकून मोकळे झाले होते. चाचांनी मनगटाच्या मागे कांडी टेकवली आणि बाहेर रणरणतं ऊन असताना मला उगाच वाळत घातलेल्या कुरडया आठवल्या, की आई, उचल गं!

वाळ्याची मात्र वेगळीच गोष्ट. आमच्या माठात चैत्रापासून वाळ्याची जुडी असते. त्यामुळे गेर्लांचं १९५९ सालचं 'व्हेटिव्हर' म्हणजे वाळाच, असं वाचलं तेव्हा एका मैत्रिणीकडून त्याचं पाच मिलीचं डिकॅन्ट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून भरलेली कुपी, मागवलं. मनात चित्र तयार होतं: फ्रेंच बाटली उघडणार आणि आतून आजीचा माठ निघणार. उघडली. माठ नाही, आजी नाही. लिंबू, जायफळ, तंबाखू, आणि त्यांच्यामागे कुठेतरी वाळा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभा. आईने हुंगून निकाल दिला, "हा तर दाढी करून आलेल्या माणसाचा वास आहे." अगदी बरोबर बोलली. मुळं तीच. पाण्यात भिजली तर गारवा देतात, वाफेवर तेल काढलं तर लाकूड आणि धूर देतात. मी तरीही तो संपवला. ऑफिसात दोघांनी विचारलं, घरी कोणी पाहुणे आलेत का.

मोगऱ्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण मोगऱ्यापुढे सगळ्या बाटल्या हरतात आणि मग माझ्या खर्चाचा हिशोब लागत नाही. तोडल्यावरही कळी वास तयार करत राहते, सकाळी खुडलेली संध्याकाळी उमलते. म्हणजे वीस रुपयांच्या गजऱ्याचे मजले उलटे: संध्याकाळी सात वाजता तो चढायला लागतो. त्यात इंडोल नावाचा एक रेणू असतो, जो एकटा आणि जास्त असला तर अक्षरशः घाण येतो. बाहेरच्या बऱ्याच 'जस्मिन' परफ्यूममधून तो पुसून टाकतात, म्हणून ते आपल्याला साबणासारखे लागतात. मोगऱ्याला किंचित घाण हवीच.

यंदा माझ्या कलेक्शनमधली सगळ्यात लाडकी वस्तू होती गुलाबाचा फेस मिस्ट, म्हणजे चेहऱ्यावर फवारायचं पाणी. मर्यादित आवृत्ती, अठराशे रुपये, काचेची बाटली, फ्रिजमध्ये ठेवलेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी ऑफिसातून उशिरा पोचले. दार उघडंच, आरास झालेली, आंबेडाळीची पातेली निम्मी, शेजारच्या काकूंच्या ओटीत हरभरे पडतायत आणि आई चांदीच्या गुलाबदाणीने सगळ्यांवर सढळ हाताने गुलाबपाणी शिंपडतेय. वास ओळखीचा होता. फार ओळखीचा. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर ओट्यावर माझी बाटली रिकामी, झाकण शेजारी नीट ठेवलेलं.

"गुलाबपाणी संपलं होतं गं," आई म्हणाली. "फ्रिजमध्ये हे दिसलं. गार पण होतं, छान."

बाहेर पंधरा बायका माझ्या मिस्टमधल्या ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक अॅसिडने तुकतुकत बसल्या होत्या. एक मावशी गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "कुठून आणलंस हे गुलाबपाणी? सुकतच नाहीये."

गर्दी पांगल्यावर आईने बाटली धुऊन माझ्या हातात दिली. "अक्षय्य तृतीयेला अजून चार जणी यायच्यात. अजून एक मागव."

मी मोबाइलवर बघितलं. "मिळणार नाही आई. संपलं. समर कलेक्शन होतं ते."

आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. साडेसहा वाजले होते आणि समोरच्या भिंतीवरचं ऊन अजून उतरलं नव्हतं.

"संपलं कसं?" ती म्हणाली. "वैशाख लागायचाय अजून."