सेलवाला माऊसच बरा

माझं काम मुद्रितशोधनाचं, दिवसभर पीडीएफ उघडलेली. चुकलेल्या वेलांटीवर नेमका कर्सर न्यायचा, शब्द निवडायचा, शेरा टाकायचा. हे सगळं टचपॅडवर करत बसलं की संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. त्यामुळे माऊस हवाच, आणि चांगला वायरलेस माऊस स्वस्तातही मिळतो.

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने काउंटरवर चार-पाच माऊस मांडले. "ताई, हा रिचार्जेबल न्या. लाइट लागते, सेलची कटकट नाही." दिसायला देखणा होता, पण इतका चपटा की तळहात टेकायला जागाच नाही. शिवाय अशा स्वस्त माऊसमधली बॅटरी आतच बसवलेली असते. ती दमली की बदलून मिळणं मुश्कील, म्हणजे धडधाकट माऊस कचऱ्यात. त्यापेक्षा एका डबल-ए सेलवर चालणारा घ्यावा. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो आणि महिनोन्‌महिने पुरतो.

खोक्यावर डीपीआयचे (माऊस इंचभर सरकवला की पॉइंटर किती ठिपके सरकतो त्याचे) आकडे ठळक छापलेले असतात, 1600, 2400 वगैरे. ते गेम खेळणाऱ्यांनी बघावेत. लॅपटॉपच्या स्क्रीनवर मजकूर वाचायला 1000 भरपूर झाले. त्यापेक्षा माऊस हातात धरून चाक फिरवून बघा. प्रत्येक खाच बोटाला कळली पाहिजे. चाक सैल असेल तर वाचता वाचता पान भलतीकडेच पळतं.

शेवटी दोनच उरले, लॉजिटेकचे एम185 आणि एम221. दोन्ही 1000 डीपीआयचे, दोन्हींना एकच सेल. पहिल्याची किंमत कमी, पण क्लिक खणखणीत वाजतं. दुसऱ्याचं क्लिक जेमतेम ऐकू येतं. रात्री मी काम करते तेव्हा आई त्याच खोलीत झोपलेली असते, म्हणून मी एम221 घेतला. त्या शांततेसाठी थोडे जास्त पैसे गेले, पण ते सार्थकी लागले.

माऊसचे सिग्नल पकडणारा, यूएसबीत लावायचा तो नखाएवढा रिसीव्हर मात्र जपा. साध्या माऊसचा रिसीव्हर हरवला तर बहुतेक वेळा माऊसही बाद होतो. प्रवासात तो माऊसच्या पोटातल्या खाचेत ठेवता येतो का, हे दुकानातच झाकण उघडून बघा. आणि पॉइंटर अडखळायला लागला तर लगेच माऊसला दोष देऊ नका. शेजारच्या पोर्टात यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क लावलीय का ते आधी पाहा. तिच्यामुळे होणारा रेडिओ गोंगाट नेमका रिसीव्हरच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातच येतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला की बहुधा भागतं.

टेबल काचेचं असेल तर खाली काहीतरी अंथरा, कारण साधा ऑप्टिकल माऊस पारदर्शक काचेवर चालत नाही. त्यासाठी वेगळं पॅड विकत घ्यायलाच हवं असं नाही. मी गेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान घडी घालून ठेवते, त्यावर उत्तम चालतो.