तुम्ही विचारलंत म्हणून: खाणीचे ते शेअर अजून का ठेवलेत?

हो, अजून आहेत. अर्धे. उरलेले अर्धे कशापायी विकले हे मी आजवर कुणालाच नीट सांगितलं नाही, आणि भेटल्यावर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही तेच विचारता. म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

घेताना मी डोळे मिटून घेतले नव्हते. अहवाल पानन्‌पान वाचला होता. लोहखनिज, मँगनीज, बॉक्साइट, थोडं तांबं. सगळ्या खाणी एकाच पट्ट्यात, कर्ज बेताचं, लाभांश घसघशीत. एकाचा भाव पडला तर दुसरं सावरेल, हा हिशेब. पी/ई, म्हणजे शेअरचा भाव त्यामागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, पाचाच्या आत होता, म्हणजे शेअर स्वस्त, असं मी धरलं. पण खाणधंद्यात पी/ई फार कमी दिसतो तो बऱ्याचदा भाव शिखरावर असताना, कारण नफा तेव्हा फुगलेला असतो. 2011 मध्ये टनाला 190 डॉलरच्या घरात गेलेलं लोहखनिज 2015 च्या अखेरीस 40 च्या खाली आलं होतं. त्या डिसेंबरात अँग्लो अमेरिकन या बड्या खाण कंपनीने लाभांश थांबवला, पुढच्या फेब्रुवारीत बीएचपी या दुसऱ्या बड्या कंपनीने कापला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी घेतले. वर बहिणीलाही घ्यायला लावले.

पण आमचं नुकसान भावामुळे झालं नाही. एका अतिवृष्टीत बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचा पूल खचला. कंपनीची सूचना संध्याकाळी आली, जेमतेम चार ओळींची. लोहखनिजासारखा अवजड आणि वजनाच्या मानाने स्वस्त माल शेकडो किलोमीटर ट्रकने नेणं परवडत नाही. खाणीच्या तोंडाशी ढीग साचत गेले, जागा संपली, उत्खनन थांबलं. खर्च मात्र थांबला नाही: पगार, व्याज, आणि खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसणारे पंप. ते बंद केले तर खाणच बुडते.

रात्री बहिणीचा फोन आला. आवाज चढवला नाही तिने. एवढंच म्हणाली, ‘तांबं आहे ना रे अजून? तूच म्हणाला होतास, एक पडलं तर दुसरं सावरेल.’ मी अहवाल काढला, नकाशाचं पान उघडलं. चार रंगांचे ठिपके, आणि सगळ्यांपासून निघून बंदरापर्यंत जाणारी एकच काळी रेघ. प्रत्येक ठिपक्याभोवती माझ्या हाताने काढलेलं पेन्सिलीचं वर्तुळ होतं. रेघेवर एकही खूण नव्हती. फोन कानाला तसाच होता आणि मला तिला काय सांगावं ते सुचेना.

अर्धे शेअर विकले ते तिची तूट भरून द्यायला. तिने पैसे घेतले. त्यानंतर पैशांबद्दल तिने मला कधीच काही विचारलेलं नाही.

पूल कोसळेल हे कुणाला कळणार, असं तुम्ही समजुतीने म्हणता. पूल नसता तर न्यायालय असतं. 2018 मध्ये गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात रद्द केलं. 2023 मध्ये पनामातली प्रचंड तांब्याची खाण तिथल्या न्यायालयाच्या निकालानंतर बंद पडली. खनिजं चार असली तरी पाऊस एक, सरकार एक, बंदर एक. माझी विविधता फक्त ठिपक्यांच्या रंगात होती.

मग उरलेले का ठेवले? कारण साठा जमिनीत जागेवर आहे, आणि नवी खाण शोधापासून उत्पादनापर्यंत यायला दहा वर्षंसुद्धा कमी पडतात. पूल दुरुस्त झाला, गाड्या धावताहेत. आत्ता विकणं म्हणजे धसका विकणं, असं मला वाटतं. पण घेतानाही मी इतक्याच ठामपणे बोलत होतो, आणि त्या माणसाला आज माझ्याकडे उत्तर नाही.

नवा अहवाल गेल्या आठवड्यात आला. नकाशावर बंदराकडे जाणारी दुसरी रेघ आली आहे, तुटक, आणि खाली बारीक अक्षरात ‘प्रस्तावित’ असं छापलंय. पेन्सिल घेऊन बराच वेळ बसलो होतो. खूण अजून केलेली नाही.