पाण्याचा एक तृतीयांश थेंब

जुलैतली पुण्याची पावसाळी सकाळ होती. रेणूत कोणते गट किती आहेत ते सांगणाऱ्या एनएमआर आलेखाचं इंटिग्रेशन, म्हणजे त्यातल्या शिखरांची मोजणी, मी तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: माझ्या पॉलिमरच्या निम्म्या साखळ्यांच्या टोकाला जिरॅनिऑल नव्हतंच.

कॅप्रोलॅक्टोन म्हणजे सात अणूंचं वलय. लायपेज हे एन्झाइम ते उघडतं आणि एखाद्या अल्कोहोलपासून साखळी सुरू होते. मी अल्कोहोल म्हणून जिरॅनिऑल घेतलं होतं. खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलातला हा मुख्य घटक, जंतूंना रोखणारा. पॉलिमर झिजेल तसं ते सुटत राहावं, ही इच्छा. कथिलाच्या उत्प्रेरकाने हीच साखळी होते, पण त्याचे अंश मागे राहतात. जखमेवर ठेवायच्या पदार्थात मला ते नकोच होते. लायपेजने लॅक्टोनचं पॉलिमर करता येतं हे 1993 मध्येच सिद्ध झालंय.

मॅडमनी स्पेक्ट्रम, म्हणजे तो एनएमआर आलेख, पाहिला. "रेणुभार 5,900 च्या जागी 2,900. साखळ्या दुप्पट झाल्यात गं. पाणी शिरलंय."

पाण्यापासूनही साखळी सुरू होते, फक्त तिच्या टोकाला औषध नसतं. मी हिशोब मांडला. 5 ग्रॅम कॅप्रोलॅक्टोन, दर 50 रेणूंमागे एक जिरॅनिऑल. त्याच्या बरोबरीला यायला 16 मिलिग्रॅम पाणी पुरतं. थेंबाचा तिसरा हिस्सा! माझा आठवडा तेवढ्यात गेला होता.

द्रावक म्हणून घेतलेलं टोल्युइन कोरडं होतं, फ्लास्क भट्टीतून काढलेला. मग पाणी आलं कुठून?

प्रयोगशाळेतल्या मामांनी एन्झाइमची बाटली उचलून दाखवली. "ताई, फ्रिजमधून काढली की लगेच उघडता तुम्ही. काचेला घाम बघा."

एन्झाइमचे मणी एरवी रव्यासारखे घरंगळतात. आज ते काचेला चिकटून बसले होते. मी ते रोज पाहत होते, आणि रोज चमच्याने खरवडत होते.

मणी पाणी शोषणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडवर निर्वातात ठेवले. फार सुकवले तर एन्झाइमच थंडावतं, त्याला स्वतःपुरतं पाणी लागतंच, म्हणून एकच दिवस. बाटली आता तासभर बाहेर ठेवल्याशिवाय उघडत नाही. नवी तुकडी 70 अंशांवर झाली, थंड मिथेनॉलमध्ये ओतली तसा पांढरा साका खाली बसला. दहातल्या नऊ साखळ्यांना जिरॅनिऑल.

दहाव्या साखळीचं पाणी बहुधा कॅप्रोलॅक्टोनमधलं. ते पाणी खाऊन टाकणाऱ्या कॅल्शियम हायड्राइडवर आज पुन्हा ऊर्ध्वपातनाला लावलंय.