आमची वाटचाल: दुसऱ्या आवृत्तीला उघडणारी फाइल

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं अक्षरजुळणीचं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर सुरू झालं. मजकूर श्री-लिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचा, पानं लावायची, बटर पेपरवर प्रिंट काढून छापखान्यात धाडायची. पुस्तक छापून आलं की काम संपलं, अशीच तेव्हा धंद्यात समजूत होती. पण मराठी पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी निघते आणि प्रकाशक विचारतात, "फाइल आहे ना?" फाइल असते, पण ती उघडत नाही. उघडली तर फाँट सापडत नाही. आमची कामाची पद्धत या प्रश्नाभोवतीच घडत गेली.

पेजमेकरची शेवटची, 7.0 ही आवृत्ती 2001 साली आली. पुढे आम्ही इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरवर आलो, तरी मराठीपुरता मोठा बदल युनिकोडचाच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात. ‘निर्मिती’ घ्या: पहिली वेलांटी ‘न’च्या आधी, रफार ‘म’च्या नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर बरंचसं सांभाळतो, पण वेलांटी, रफार आणि जोडाक्षर एकत्र आलं की घसरतो. म्हणून बदललेला मजकूर छापील प्रतीशी ताडून पुन्हा पूर्ण वाचायचा, हा आमचा नियम. या वाचनाचे पैसे आम्ही वेगळे लावतो आणि त्यात घासाघीस करत नाही. मुद्रितशोधकाचं काम फुकटात धरणं मला पटत नाही.

नवी फाइल केली की आधी पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे परिच्छेदाच्या मांडणीचा साचा. त्यात वर्ल्ड-रेडी कम्पोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनमधली सोय, आणि भाषा मराठी. कम्पोझर निवडायचा राहून गेला तर वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं सुटी होतात. भाषा मराठी ठेवली आणि फाँटमध्ये सोय असली, तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. मराठीसाठी हीच रूपं राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयात ठरवून दिली आहेत. मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा ल दिसला की मला आजही खटकतो.

दिवाळी अंकाच्या दिवसांत पद्धतीचा खरा कस लागतो. प्रत्येक विभागाची फाइल वेगळी, सगळ्या एका बुक फाइलमध्ये जोडलेल्या. त्यामुळे एकीकडे कथांची पानं लागतात, दुसरीकडे जाहिराती, आणि पृष्ठांक आपोआप सरकतात. एका फाइलवर एका वेळी एकच माणूस. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली जाहिरात आम्ही घेत नाही. चित्र दाबलं जातं, छपाईला लागणारी 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपके) स्पष्टता उरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढं सांगितलं की लोक ऐकतात.

काम संपल्यावर पॅकेज काढायचं: इनडिझाइनची फाइल, चित्रं, फाँट, छपाईची पीडीएफ आणि आयडीएमएल (इनडिझाइनच्याच फाइलचं दुसरं रूप). इनडिझाइनच्या जुन्या आवृत्तीत नवी फाइल उघडत नाही, आयडीएमएल उघडते. 2023च्या जानेवारीत इनडिझाइन बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने टाइप-1 या जुन्या प्रकारच्या फाँटचा आधार काढून घेतला, तेव्हापासून फाँटचा प्रकारही आम्ही वहीत नोंदतो. हा सगळा फोल्डर प्रकाशकाला देतो, न मागता. पुढच्या आवृत्तीसाठी ते दुसऱ्या कुणाकडे गेले तरी चालेल. पुस्तक त्यांचं, मग फाइलही त्यांचीच.

सध्या पेजमेकरमधली जुनी पुस्तकं एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहोत. कवितासंग्रह आधी घेतलेत. तिथे मजकूर थोडा असतो, पण ओळ कुठे तुटते हे छापील प्रत हातात घेऊनच तपासावं लागतं.