तुम्ही विचारलंत म्हणून : स्टारबकची बाई केली, तरी राग कसा नाही आला?

जुन्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकन अंतराळ-मालिकेचं प्रेम कुणापुढे कबूल केलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्याच कथेवर पुन्हा बेतलेल्या नव्या मालिकेनं स्टारबक या वैमानिकाची बाई केली, सायलॉनांना, म्हणजे माणसांच्या मुळावर उठलेल्या यंत्रमानवांना, माणसांचे चेहरे दिले, तरी तुम्हाला राग कसा नाही आला? आणि मग जरा आवाज खाली आणून : बघायची झाली तर सुरुवात कुठून करू? दोन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकते.

राग येणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती. जुना स्टारबक, म्हणजे नट डर्क बेनेडिक्ट, यानं २००४ साली नव्या मालिकेवर लांबलचक लेख लिहून सडकून टीका केली. जुना अपोलो, म्हणजे दुसऱ्या वैमानिक नायकाचं काम करणारा रिचर्ड हॅच, याची गोष्ट तर आणखी पुढची. मूळ कथा पुढे न्यावी म्हणून त्यानं १९९९ साली स्वतःचे पैसे घालून एक ट्रेलर बनवला होता. म्हणजे सगळ्यात निस्सीम चाहता कोण म्हणाल, तर तोच. नव्या मालिकेचे निर्माते रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनी पुढच्या कथेऐवजी पहिल्यापासून नवा डाव मांडला, तेव्हा हॅच उघड विरोधात होता. मूरनं त्यालाच भूमिका दिली : टॉम झारेक, वीस वर्षं तुरुंगात काढलेला राजकीय कैदी. 'बॅस्टिल डे' या भागात जुना अपोलो नव्या अपोलोसमोर उभा राहतो, आणि दोघांपैकी कोण बरोबर हे मालिका सांगत नाही. विरोधकाला कसं सामावून घ्यावं, तर असं.

पण माझा राग विरघळला तो हॅचमुळे नाही, हिशोबामुळे.

मूळ मालिका १७ सप्टेंबर १९७८ रोजी एबीसी या अमेरिकी वाहिनीवर आली. निर्माता ग्लेन लार्सन. कल्पना जबरदस्त होती : बारा वसाहती एका हल्ल्यात खलास, उरलेली माणसं मिळतील त्या जहाजांत कोंबलेली, सोबतीला गॅलॅक्टिका ही एकच युद्धनौका, आणि पृथ्वी नावाच्या ऐकीव ग्रहाचा शोध. आता पहिलाच भाग बघा. अब्जावधी माणसं मेलेली आहेत, आणि त्याच भागाच्या उत्तरार्धात आपली मंडळी कॅरिलॉन ग्रहावरच्या कॅसिनोत पोचलेली! मेलेल्यांचं सुतक तर सोडाच, साधी मोजदादसुद्धा नाही. लहानपणी हे खुपत नाही. मोठेपणी फार खुपतं.

नव्या मालिकेनं नेमकी ही मोजदाद हातात घेतली. राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिनच्या जहाजावर एक पांढरा फळा आहे, त्यावर मार्करनं जिवंत माणसांची संख्या लिहिलेली असते. पहिल्या सीझनचा पहिला भाग '३३' घ्या. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येऊन ठेपतात, दर ३३ मिनिटांनी ताफा उडी मारून निसटतो. २३७ उड्या झाल्यात, १३० तास कुणाला झोप नाही. दाढ्या वाढल्यात, डोळे तांबारलेत, साध्या आज्ञा चुकताहेत. भागाच्या सुरुवातीला फळ्यावर ५०,२९८ असतात. शेवटाकडे ४७,९७२ उरतात. मधल्या फरकात १,३४५ प्रवाशांचं एक जहाज आहे. त्याचं काय होतं ते स्वतःच बघा. मग एका जहाजावर बाळ जन्मल्याची बातमी येते, आणि रॉझलिन स्वतः उठून आकडा बदलते : ४७,९७३. २००५ साली या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही. पुढच्याच भागात पाण्याच्या टाक्या फुटतात, मग इंधन संपतं. कॅसिनो नाही.

बाकीचे बदलही असेच विचार करून केलेले. गॅलॅक्टिका वाचते कारण ती जुनाट आहे. तिच्यावर संगणकांचं जाळं जोडायचं नाही, हा तिचा सेनानी अडामा याचा हट्ट. टेलिफोन वायरीचे, लढाऊ वायपर विमानं संग्रहालयात मांडलेली. नव्याकोऱ्या नौकांचं दिशादर्शक सॉफ्टवेअर सायलॉनांनी आधीच पोखरलेलं असतं, त्या जागच्या जागी बंद पडतात. ढाल नाही, लेसर नाही, बंदुकीला गोळ्या लागतात आणि गोळ्या संपतात. जुनी नावं टाकली नाहीत, त्यांची वैमानिकांची रेडिओवरची टोपणनावं केली : ली अडामा म्हणजे 'अपोलो', कारा थ्रेस म्हणजे 'स्टारबक'. ती सिगार ओढते, पत्ते कुटते, वरिष्ठाला ठोसा मारून कोठडीत जाते. म्हणजे जुन्याचं वाण जसंच्या तसं. केटी सॅकहॉफनं त्यात वेदना तेवढी भरली. आणि गॅलॅक्टिकाच्या निवृत्तीच्या समारंभात वायपर डोक्यावरून जातात तेव्हा कान देऊन ऐका : स्टू फिलिप्सची १९७८ ची धून वाजते. जुन्या माणसांना तो नमस्कार आहे.

दोन्हींतला फरक एका बैठकीत समजून घ्यायचा तर जुन्यातला 'द लिव्हिंग लेजंड' (दोन भाग) आणि नव्यातला 'पेगॅसस' व त्यापुढचे 'रेझरेक्शन शिप'चे दोन भाग पाठोपाठ बघा. कथाबीज एकच : हरवलेली दुसरी युद्धनौका सापडते, तिचा सेनानी केन अडामापेक्षा आक्रमक. जुना केन रुबाबदार वीर. नवी केन (मिशेल फोर्ब्स) हीही बाईच, आणि युद्ध जिंकायच्या नादात तिनं काय काय केलंय ते ऐकताना पोटात गोळा येतो.

सगळं गोड नाही. सुरुवातीच्या पाट्यांत 'त्यांची एक योजना आहे' असं सायलॉनांबद्दल पुन्हा पुन्हा सांगतात. ती योजना लेखकांकडे नव्हती. पुरावा आकड्यांतच आहे : मानवी सायलॉनांचे प्रकार बारा, पाच गुप्त, म्हणजे उघड सात, पण उघड असलेल्यांत 'आठ' क्रमांकाची शॅरन आहे! मग सातवा कुठे गेला? त्याचं स्पष्टीकरण चौथ्या सीझनमध्ये एका भागात घाईघाईनं उरकलंय. माणसांचा हिशोब चोख, सायलॉनांचा ढिसाळ.

आता क्रम. आधी २००३ ची तीन तासांची मिनीसिरीज. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण ती अनेकदा यादीत वेगळी असते, लोक थेट '३३' लावतात आणि कोण कुणाचं काही कळत नाही. मग पहिला सीझन (१३ भाग), दुसरा (२०). 'पेगॅसस'ची लांब आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. दुसऱ्यातला 'ब्लॅक मार्केट' सोडलात तरी चालेल. तिसऱ्याच्या आधी 'द रेझिस्टन्स'चे दहा छोटे तुकडे, मग तिसरा सीझन. 'रेझर' हा चित्रपट कथेच्या काळानुसार दुसऱ्या सीझनमध्ये बसतो, म्हणून काहीजण तिथेच बघायला सांगतात. ऐकू नका. त्यात कारा थ्रेसबद्दल एक भाकीत आहे, ते तिसऱ्याचा शेवट बघितल्यावरच झोंबतं. त्यानंतर चौथा. त्याच्या पहिल्या दहा भागांनंतर सात महिन्यांचा खंड पडला होता, त्या काळातले 'द फेस ऑफ द एनिमी'चे दहा तुकडे तिथेच घ्या; एका शांत अधिकाऱ्याचं पुढे जे होतं त्याचं मूळ त्यात आहे. 'द प्लॅन' हा चित्रपट अगदी शेवटी. आधी लावलात तर सगळी गुपितं फुटतील, नाही बघितलात तर काही अडत नाही.

शीर्षकसंगीत गाळू नका. त्यात चक्क गायत्री मंत्र आहे. अमेरिकेत पहिल्या सीझनला दुसरी धून होती, दुसऱ्यापासून हीच. उच्चारांचं जाऊ द्या, पण 'धियो यो नः' कानावर पडलं की आपल्याकडचा माणूस दचकतोच. त्याच पाट्यांत दुसऱ्या सीझनपासून जिवंत माणसांचा आकडाही झळकतो, तो दर भागाला वाचा.

शेवट निम्म्या लोकांना पटत नाही. मला पात्रांचे निरोप पटले, देवाचा हात नाही पटला. पण तक्रार करणाऱ्यांनी एवढं बघावं, की मूळ मालिकाही लार्सनच्या मॉर्मन श्रद्धेतून आलेली. कोबोल हा ग्रह, बारा जणांचं मंडळ, सगळं तिथलंच. नव्यानं धर्म बाहेरून आणलेला नाही.

हे झालं की जुनीकडे वळा. पहिला भाग टीव्हीचाच घ्या, चित्रपटगृहासाठी कापलेला नको. त्यात माणसांशी दगा करणाऱ्या बाल्टारचं मुंडकं उडतं आणि पुढच्या भागांत तो जिवंत दिसल्यावर डोकं चक्रावतं. 'वॉर ऑफ द गॉड्स' आणि शेवटचा 'द हँड ऑफ गॉड' चुकवू नका. 'गॅलॅक्टिका १९८०' या तिच्या पुढच्या मालिकेतला मात्र दहातला दहावा भाग तेवढा बघा, स्टारबक परततो तो. बाकीचे नऊ माझ्यासारख्या भक्तालाही झेपले नाहीत.